न जोडलेला काटा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर तिचा शेवट तरी मी वेगळा केला असता.

ज्यांच्या बाबतीत ती घडली, ते माझे धाकटे मामा. आजही हयात आहेत, आजही गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांनी ही हकीकत आयुष्यात एकदाच सांगितली. मला. शेडच्या पायरीवर बसून, हातातल्या वायरचं प्लास्टिक नखानं सोलत. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

अशा गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणतात.

ही दुपारी सव्वाचारला सुरू झाली.

थंडीचे दिवस होते. सकाळपासून धुकं उठलंच नव्हतं. समोरच्या घराचं दार दिसत नव्हतं. त्याची कडी वाजलेली मात्र ऐकू यायची. डोंगराच्या पायथ्याचं ते गाव, घराला लागून मामांची शेड. भिंतीवर वायरींची भेंडोळी, जुन्या बॅटऱ्यांचा आंबट वास, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुनी डिझेल पिकअप.

तीन महिने त्या ताडपत्रीला कुणी हात लावला नव्हता.

गाडी थोरल्या मामांची होती. पहाटे दुधाचे कॅन भरायचे, डोंगर चढून पलीकडच्या शहरात पोचवायचे, दुपारी परत. दोघा भावांचे स्वभाव दोन टोकांचे. थोरले बोलघेवडे. धाकटे इतके अबोल की बोलता बोलता मध्येच विझायचे, म्हणून थोरल्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘फ्यूज’.

त्या पिकअपचा एक काटा महिनाभर छळत होता. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. क्षणात तळाला, क्षणात लाल पट्ट्यात.

“फ्यूज, तुझी वहिनी आणि हा काटा, दोघांचा पारा कधी चढेल नेम नाही,” थोरले म्हणायचे. “वहिनीचं मी बघतो. काट्याचं तू बघ.”

“रविवारी बघतो, दादा.”

असे तीन रविवार गेले. चौथ्यांदा दादा आले तेव्हा मामांच्या हाताखाली आणखी दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या. मग त्यांनी ते केलं, जे या धंद्यातली माणसं घाईत कधीकधी करतात. इंजिनाकडून येणारी वायर काट्यापासून काढली आणि तिच्या जागी एक इवलासा रेझिस्टन्स जोडून दिला. काटा बरोबर मध्यावर येऊन उभा राहिला. इंजिन गार असो की उकळत असो, तो आता तिथंच राहणार होता.

तात्पुरतं. नवा सेन्सर आणेपर्यंत.

हे दादांना सांगायचं मात्र त्यांनी टाळलं. दादा खूश होऊन काट्याच्या काचेवर नखानं टक टक करून गेले होते. ती त्यांची सवय. गाडी मनासारखी चालली की काचेवर दोन टिचक्या.

नवव्या दिवशी, चढावरच्या तिसऱ्या वळणावर, गाडीची ओढ कमी झाली. थोरले मामा खाली उतरले. काटा मध्यावर होता; म्हणजे इंजिन तापलेलं नाही, असं त्यांनी धरलं असणार. पाणी बघायला त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं...

उकळता फवारा तोंडावर आला. डोळे भाजलेला माणूस मागे सरकतो.

मागे कठडा नव्हता.

माणसं हळहळली. हळहळता हळहळता म्हणालीही, “वीस वर्षं गाडी चालवून तापलेला रेडिएटर उघडला? अक्कल काय घरी ठेवून आला होता?”

थोरल्या मामींनी ते ऐकलं. धाकट्या मामांनीही ऐकलं.

मामा गप्प राहिले.

गाडी ओढून आणली त्याच संध्याकाळी त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून तो रेझिस्टन्स कापून काढला. वायरीचं टोक टेप गुंडाळून मोकळं सोडलं. म्हणजे तो काटा आता कशालाच जोडलेला नव्हता. असा काटा तळाला मेल्यासारखा पडून राहतो. तसाच तो पडून होता.

मामींना तेव्हा पाचवा महिना होता.

त्या धुक्याच्या दुपारी आठवा.

सव्वाचारला शेजारच्या नर्सबाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. मामांना आधी वाटलं, पाणी असेल.

पाणी नव्हतं.

“मिस्त्री, वहिनीला रक्त जायला लागलंय. पोटातली वार सुटलीय बहुतेक. तासा-दीड तासात ऑपरेशनच्या टेबलावर गेली नाही, तर दोन्ही जीव हातचे जातील.”

“ॲम्ब्युलन्स...”

“फोन करून झाला. दोन तास म्हणतात. गल्लीत एक गाडी जागेवर नाही, तीन दारं ठोठावून आले.” त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. “ती चालते का?”

मामांनी जाऊन ताडपत्री ओढली.

गिऱ्हाइकाची नवी बॅटरी उचलून त्यांनी पिकअपला लावली. तेल पाहिलं. डिझेल अर्धी टाकी होतं. रेडिएटर काठोकाठ भरला. पाण्याचे दोन कॅन मागच्या हौद्यात टाकले. किल्ली फिरवली.

काहीच नाही.

सेल्फची साधी ‘खट्’ सुद्धा नाही.

हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही, पण डॅशबोर्डवरचे काटे एकदम थरथरले आणि परत पडले. मामांचं डोकं नेहमीच्या वाटेनं चालू लागलं. एक काटा चुकला तर दोष त्या काट्यात. सगळे मिळून चुकले तर दोष अर्थिंगमध्ये. टेस्टिंग लॅम्पची चिमटी बॅटरीला लावून टोक सेल्फला टेकवलं. दिवा लागला. मग चिमटी इंजिनाच्या लोखंडाला लावली. दिवा विझला.

विजेला जायला वाट होती. परत यायला नव्हती.

ते गाडीखाली सरपटले. इंजिन आणि गाडीचा लोखंडी सांगाडा यांना जोडणारी तांब्याची पट्टी बोट लागताच हिरवी भुकटी होऊन त्यांच्या तोंडावर सांडली.

तोवर नर्सबाई आणि शेजारणींनी मामींना गादीसकट आणून हौद्यात ठेवलं होतं. हौद्याला ताडपत्रीचं छत होतं. मामींचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण जीभ अजून जागेवर होती.

“भावोजी, लोकांच्या गाड्या दहा मिनिटांत चालू करता. घरच्या गाडीच्या वेळी काय भाव खाताय?”

“झालंच, वहिनी. झालंच.”

जाड जम्पर केबलचं एक टोक त्यांनी इंजिनाला आवळलं, दुसरं बॅटरीला. किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला, अडखळला, पुन्हा कण्हला... आणि इंजिन धडधडलं.

काटे जिवंत झाले. डिझेल अर्धं. ऑइलचा दाब ठीक. बॅटरी चार्ज होतेय.

आणि मग, सगळ्यांच्या मागून, सावकाश... चौथा काटा उठला.

मध्यावर येऊन उभा राहिला.

बरोबर तिथंच, जिथं मामांनी तो तीन महिन्यांपूर्वी उभा केला होता.

मामांनी डॅशबोर्डखाली हात घातला. टेप गुंडाळलेलं टोक बोटांना लागलं. मोकळं. कशालाच न टेकलेलं.

जुन्या डिझेल इंजिनाचं एक असतं. एकदा चालू झालं की त्याला वीज लागत नाही. बंद करायला हातानं तार ओढावी लागते. मामांनी किल्ली बंद केली. इंजिन धडधडत राहिलं. बाकीचे काटे एकेक करून खाली पडले.

तो पडला नाही.

“मिस्त्री!” हौद्यातून नर्सबाई ओरडल्या. “तिथं काय घड्याळ बघत बसलायस? गाडी काढ!”

मामांनी किल्ली पुन्हा फिरवली, दिवे लावले आणि गाडी धुक्यात घातली.

दिव्यांपुढे दहा हात रस्ता दिसत होता. त्यापलीकडे पांढरी भिंत. केबिनच्या मागच्या बाजूला एक लहान सरकती काच होती, ती नर्सबाईंनी उघडी ठेवली होती. प्रत्येक खड्ड्याला त्या काचेतून मामींचं कण्हणं येई आणि मामांच्या मानेवर काटा उभा राही. तरी त्यांना ते हवं होतं. कण्हणं म्हणजे जीव आहे.

पूल आला. पूल गेला. चढ सुरू झाला.

पुलानंतर कण्हणं थांबलं.

“वहिनी?” मामांनी मान न वळवता हाक मारली.

काही क्षण नुसतं इंजिन.

मग कानामागून, अगदी जवळून...

“भावोजी.”

मामींचाच आवाज. बसलेला, थकलेला. मामांच्या जिवात जीव आला.

“दुखतंय का फार?”

“काटा चढतोय.”

मामांनी खाली पाहिलं. काटा मध्य सोडून वर निघाला होता. सुटं टोक कुठं लोखंडाला टेकलं असतं तर काटा एका झटक्यात टोकाला गेला असता. हा तसा जात नव्हता. खरोखरच्या तापणाऱ्या इंजिनाचा काटा जातो, तसा जात होता. कणाकणानं.

“चढू दे, वहिनी. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो काटा खोटा आहे.”

“खोटा? कधीपासून?”

मामांनी गिअर उतरवला.

पहिलं वळण गेलं. काटा आणखी एक घर चढला.

“हे तर सारखं सांगायचे,” आवाज म्हणाला. “धाकट्यानं हात लावल्यापासून काटा कसा शहाण्यासारखा उभा राहतो.”

मामांनी सांगितलं, त्या क्षणी त्यांना गाडीही दिसत नव्हती आणि धुकंही. पाठीमागे एक बाई मरत होती, तिच्या पोटात भावाचं मूल होतं, आणि ती नेमकं तेच विचारत होती.

“वहिनी, मी तो बांधून ठेवला होता,” ते म्हणाले. “वायर काढली होती. नुसता उभा होता तो. दादाला मी सांगितलं नाही. दादाची काही चूक नव्हती. त्यानं काटा बघूनच झाकण उघडलं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच.”



दुसरं वळण. काटा लाल पट्ट्याला टेकला.

“बोला ना, वहिनी. शिव्या द्या.”

टक... टक.

काचेवर. त्यांच्या डोळ्यांसमोर, त्या काट्याच्या काचेवर. नखाचा आवाज. पुढे केबिनमध्ये मामा एकटे होते आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

“थांबवा गाडी,” मागून आवाज आला.

शहाणपण सांगत होतं, थांबू नकोस. काटा जोडलेलाच नाही. ऑइल ठीक आहे. एकेक मिनिट म्हणजे रक्त. आणि तरीही मामांचा पाय ब्रेकवर गेला. का गेला, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

तार ओढली. इंजिन थांबलं.

ते तिसरं वळण होतं.

“थांबलास का?” हौद्यातून नर्सबाई किंचाळल्या. “अरे, का थांबलास?”

मामांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरला तळवा लावला. बर्फासारखा थंड. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आणि मग ध्यानात आलं. एवढा चढ चढून आलेल्या गाडीचा रेडिएटर थंड असूच शकत नाही. त्यात पाणी असेल तर.

इंजिनावर थुंकून पाहिलं. थुंकी चर्र करून उडाली.

खालचा पाइप उभा चिरला होता. तीन महिने सुकलेलं रबर. सगळं पाणी रस्त्यावर सांडत आलं होतं. आणखी अर्धा मैल, आणि इंजिन जाम होऊन गाडी या धुक्यात कायमची उभी राहिली असती.

पेटीतल्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून त्यांनी चीर आवळून बांधली. पाण्याचा कॅन काढून आणला. आता पाणी घालायचं. पण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर इंजिनाचं हेड तडकतं. थांबावं लागणार होतं. किती? दहा मिनिटं? वीस? मामींकडे तेवढी नव्हती.

त्यांनी झाकणावर फडकं टाकलं. हात ठेवला.

आणि त्यांना कळलं की आपण कुठं उभे आहोत. याच जागी. याच झाकणावर हात. पाठीमागे, दोन पावलांवर, जमीन संपत होती.

“अजून नाही,” आवाज म्हणाला.

तो आता बाहेर होता की आत, मामांना कळेना. धुक्यात सगळेच आवाज जवळचे वाटतात.

“अजून नाही... काटा लालमध्येच आहे.”

मामा उभे राहिले. हौद्यात नर्सबाई कुणाला तरी सारख्या हाका मारत होत्या, “डोळे उघड, बाई, डोळे उघड...”

“अजून नाही.”

खालून दरीतून वारा आला. त्याला उकळत्या पाण्याचा, गंजाचा वास होता.

“आता उघडा. काटा खाली आलाय.”

इतक्यात? दोन मिनिटंही झाली नसतील. एकदा या काट्यावर विश्वास ठेवून एक माणूस इथून गेला होता. आता त्याच काट्यावर विश्वास ठेवायची पाळी मामांची होती. हे वाचवणं होतं की बोलावणं होतं, कुणास ठाऊक.

मामांनी डोळे मिटले.

“दादा, जे करायचं ते मला कर. तिला पोचू दे,” ते म्हणाले, आणि झाकण फिरवलं.

वाफ आली नाही. नुसता एक कोमट श्वास चेहऱ्यावरून गेला.

त्यांनी पाणी ओतलं. आधी एक कॅन, मग दुसरा. हेड तडकलं नाही. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. डोंगर उतरून हॉस्पिटलच्या दारापर्यंत काटा मध्यावर राहिला आणि मागून एक शब्दही आला नाही.

सहाला तीन मिनिटं कमी असताना मुलगी झाली. रडली. मामींना चार बाटल्या रक्त चढवावं लागलं, पण त्या वाचल्या. बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले, “आणखी दहा मिनिटं, आणि मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो.”

मामा कॉरिडॉरमधल्या बाकावर कोसळल्यासारखे बसले. नर्सबाई हात धुऊन शेजारी येऊन टेकल्या.

“वहिनी फार धीराची,” मामा म्हणाले. “असल्या अवस्थेत मला सांगत होती. कधी थांबा, कधी उघडा...”

नर्सबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“कोण सांगत होती?”

“वहिनी. त्या काचेतून.”

“मिस्त्री, तिची शुद्ध पुलावरच गेली. ती थेट इथं टेबलावर आली. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. गादीवरून तुझा डॅशबोर्ड दिसतो तरी का?” त्या थांबल्या. आवाज खाली आणला. “मी म्हटलं, घाबरलाय, स्वतःशी बडबडतोय. सबंध चढभर तू बोलत होतास. पण मध्ये मध्ये तू थांबायचास... कुणाचं तरी ऐकल्यासारखा.”

“तुम्ही... काय ऐकलंत मी बोलताना?”

“इंजिनाच्या आवाजात कुठं काय कळतंय,” नर्सबाई म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

या गोष्टीला सहा वर्षं झाली.

मुलगी शाळेत जाते. तिला बापाच्या चेहऱ्याची नुसती तसबीर माहीत आहे. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं, तुझा बाबा गाडीचं गरम झाकण उघडून मेला, एवढंसुद्धा त्याला कळत नव्हतं. ती घरी येऊन मामींना विचारत होती, खरं का? मामी म्हणाल्या, “असेल बाई. घाईत होते.”

मामा त्याच खोलीत होते.

त्यांनी मामींना अजून सांगितलेलं नाही. सांगायला जातात आणि मध्येच विझतात. जे सांगायचं होतं ते एकदा सांगून झालं. फक्त ते कुणाला सांगितलं, हे त्यांना कळलेलं नाही.

पिकअप पुन्हा ताडपत्रीखाली आहे. बॅटरी काढून ठेवलेली. “मग आता काटा कुठं असतो?” मी विचारलं होतं. मामा वायर सोलत राहिले. म्हणाले, “हॉस्पिटलातून आणली तेव्हा मध्यावर होता. आता चढतोय. फार हळू. वर्षाला केसभर.”

मी हसायचा प्रयत्न केला.

मामा जेवायला आत गेले. मी शेडमध्ये राहिलो. ताडपत्री उचलून केबिनमध्ये बसलो. मोबाइलचा उजेड डॅशबोर्डवर धरला. त्या काचेवर खिळ्यानं ओढलेल्या बारीक रेघा होत्या. सहा. प्रत्येक वर्षाची एक. आणि काटा...

काटा सहाव्या रेघेच्या पुढे होता. लाल पट्ट्याला जवळजवळ टेकलेला.

बॅटरीच्या जागी रिकामा ट्रे होता. मी उतरून, हात घालून, तो चाचपून आलो. परत येऊन काचेवर बोट टेकवलं.

काच तापलेली होती.

“कोण आहे रे शेडमध्ये?” घरातून थोरल्या मामींनी हाक मारली. “ये की, ताट वाढलंय. थंडीत काय करतोस तिथं?”

“आलो, मामी.”

मी जाऊन बसलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग धाकट्या मामांच्या. “दोघांना झालंय तरी काय? बोलत का नाही?”

मामांनी मान खाली घातली.

मीही घातली. बोटाचं टोक अजून चुरचुरत होतं.